मतपत्रिकेवर नाव येते कसे

निवडणूक म्हटली की प्रथम आठवते ते मतदानकेंद्र, तेथली रांग आणि बोटावरची शाई. मतदार यंत्रासमोर उभा राहतो, नावे वाचतो, त्यांतल्या एकासमोरचे बटण दाबतो आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजून घरी जातो. परंतु तो तेथे पोचतो त्याच्या कितीतरी आधी त्याच्यापुढची नावे ठरून गेलेली असतात. जेवणाऱ्याने ताटातले काय खावे हे त्याच्या इच्छेवर असते. ताटात काय यावे हे मात्र स्वयंपाकघरात ठरते. राज्याच्या विधानसभेच्या निवडणुकीतले हे स्वयंपाकघर कसे चालते, तेथे कोणाला प्रवेश मिळतो आणि कोणाला दारातूनच परतावे लागते, हे नीट समजून घ्यावयाचे तर एखादे लहानसे गाव डोळ्यांपुढे ठेवणे बरे.

मध्य प्रदेशात जबलपूरहून नरसिंगपूरच्या दिशेला निघाले, की शहपुरा लागते. शेजारीच भिटोनीचे रेल्वे स्थानक आहे. भोवती नर्मदेच्या खोऱ्यातली कसदार जमीन आणि तिच्यात वाटाणा, हरभरा, गहू ही पिके. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले आणि १८१७ पर्यंत तेथे त्यांचा अंमल होता. स्वातंत्र्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर, नागपूर आणि अमरावती ही सारी एकाच मध्य प्रदेश राज्यात होती व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नर्मदाकाठच्या मतदारांनी आणि वऱ्हाडातल्या मतदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी एकाच सभागृहात शेजारी शेजारी बसले होते.

समजा, या शहपुऱ्यातील एखाद्या शेतकऱ्याला विधानसभेसाठी उभे राहावेसे वाटले. तो कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. गावातले चार लोक त्याला मानतात आणि परिसराचे काही प्रश्न सभागृहात मांडले जावेत अशी त्याची मनापासून इच्छा आहे. राज्यघटना आणि १९५१ चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम त्याच्याकडून काय मागतात?

पहिली मागणी पात्रतेची. तो भारताचा नागरिक असावा. छाननीच्या दिवशी त्याचे वय २५ वर्षांहून कमी नसावे. राज्यातल्या कोणत्या ना कोणत्या विधानसभा मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव असावे. राज्यघटनेशी निष्ठा व्यक्त करणारी शपथही त्याने छाननीच्या दिवसाआधी घेतलेली असली पाहिजे. जागा अनुसूचित जातींसाठी वा जमातींसाठी राखीव असेल, तर तो त्या राज्याच्या सूचीतील जातीचा वा जमातीचा असावा लागतो.

दुसरी गोष्ट मतदारसंघाची. शहपुऱ्याच्या नावाने एक विधानसभा मतदारसंघ आहे खरा. पण तो दिंडोरी जिल्ह्यातल्या दुसऱ्या शहपुऱ्याचा. त्याचा क्रमांक १०३ आहे आणि तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. जबलपूर जिल्ह्यातले हे शहपुरा बरगी या ९६ क्रमांकाच्या मतदारसंघात मोडते. नामसादृश्याची ही बाब किरकोळ वाटेल, पण निवडणुकीच्या कामात किरकोळ असे फारसे काही नसते. राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार बरगीत उभा राहू शकतो. त्याने फक्त आपल्या मतदार यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत दाखवावयाची. त्याचे नाव सुचविणारा सूचक मात्र बरगीच्याच यादीतला असावा लागतो. उमेदवार बाहेरचा चालेल, सूचक घरचाच हवा, असा हा नियम आहे. त्यात मोठा अर्थ भरलेला आहे, आणि त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. अधिसूचना निघाल्यापासून सातवा दिवस हा अर्ज देण्याचा शेवटचा दिवस असतो; त्या दिवशी सार्वजनिक सुटी असेल, तर त्यापुढचा कामाचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी छाननी, आणि छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. मध्य प्रदेशात २०२३ साली अधिसूचना २१ ऑक्टोबरला निघाली. अर्जाचा शेवटचा दिवस ३० ऑक्टोबर, छाननीचा ३१ ऑक्टोबर, माघारीचा २ नोव्हेंबर आणि मतदानाचा १७ नोव्हेंबर होता. सुटीच्या दिवशी अर्ज घेतला जात नाही, आणि त्या मुदतीत दोन रविवार व विजयादशमी येऊन गेली. शिवाय अर्ज स्वीकारण्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३ एवढीच. रब्बीच्या पेरणीच्या घाईत असलेल्या माणसाने कागदपत्रे जमवावीत आणि ती सूचनेत सांगितलेल्या कार्यालयात घड्याळाचा काटा ३ वर येण्याआधी पोचवावीत, अशी ही अपेक्षा आहे.

चौथी गोष्ट पैशाची. विधानसभेच्या उमेदवाराला १०,००० रुपये अनामत ठेवावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,००० रुपये. १९५१ च्या मूळ कायद्यात हीच रक्कम अनुक्रमे २५० व १२५ रुपये होती. निवडून न आलेल्या उमेदवाराला वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ती सरकारजमा होते. ‘डिपॉझिट जप्त झाले’ असे आपण ज्याला म्हणतो, ते हेच.

पाचवी गोष्ट शपथपत्राची. उमेदवारावर चालू असलेले फौजदारी खटले, झालेल्या शिक्षा, स्वतःची, पती वा पत्नीची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, देणी व शिक्षण हे सारे त्यात लिहावे लागते. मतदाराला ही माहिती मिळण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले व २००३ साली तो निर्णय अधिक पक्का केला. २०१३ साली त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की शपथपत्रातले रकाने कोरे ठेवून ही माहिती टाळता येणार नाही. सूचना देऊनही ते भरले नाहीत, तर अर्ज नाकारता येतो.

सहावी गोष्ट सूचकांची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला, किंवा नोंदणी असूनही मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला, १९९६ च्या दुरुस्तीपासून दहा सूचक लागतात. ब्रिटनमध्येही पार्लमेंटच्या उमेदवारीसाठी मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या व ५०० पौंडांची अनामत लागते. दहा ही संख्या मोठी नाही. परंतु ते दहाही जण त्या मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत, त्यांचे यादीभाग व अनुक्रमांक बरोबर असले पाहिजेत आणि सह्या त्यांच्याच असल्या पाहिजेत.

सही करता न येणाऱ्या सूचकाचे काय? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पंजाबात हा प्रश्न उभा राहिला. काही अर्जांवर सूचक-अनुमोदकांचे अंगठे होते. पण ते अधिकाऱ्यासमोर उठवून साक्षांकित करून घेतलेले नव्हते. ते अर्ज नाकारले गेले आणि रतन अनमोलसिंग विरुद्ध आत्माराम या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नकार योग्य ठरविला. अंगठ्याचे साक्षांकन ही नुसती औपचारिकता नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अनुमोदकाची अट पुढे १९५६ साली गेली. अंगठ्याचा नियम आजही आहे. शहपुऱ्याच्या त्या शेतकऱ्याने गावातल्या एखाद्या निरक्षर वृद्धाला सूचक केले, तर त्या वृद्धाला अधिकाऱ्यापुढे घेऊन जाणे त्याला भाग आहे.

ही झाली अपक्षाची वाट. पक्षाच्या उमेदवाराची वाट निराळ्या दारातून जाते. कायदा त्याच्याकडे दोन कागद मागतो. पक्षाच्या वतीने उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला आहे हे एकाने कळते, आणि ती कोणाला दिली हे दुसऱ्याने. वर्तमानपत्रांत ज्याला ‘एबी फॉर्म’ म्हणतात ते हेच कागद. अखेरच्या दिवशी ३ वाजण्यापूर्वी ते पोचले नाहीत, तर पक्षाचा उमेदवार म्हणून एकाच सूचकाच्या बळावर भरलेला अर्ज टिकत नाही. म्हणूनच सावध इच्छुक दहा सह्यांचा दुसरा अर्ज हाताशी ठेवतो. पक्षाने हा कागद कोणाला द्यावा, कसा द्यावा, सभासदांचे मत घ्यावे की न घ्यावे, याविषयी निवडणुकीचा कायदा मौन पाळतो. अमेरिकेत विसकॉन्सिन राज्याने १९०३ साली असा कायदा केला, की पक्षाचा उमेदवारही मतदारांनीच मतदान करून ठरवावा. पुढे ही प्रथा त्या देशात सर्वत्र पसरली. आपल्याकडे ते दार पक्षाच्या कार्यालयात आहे, आणि त्याची किल्ली पक्षाच्या पदाधिकाऱ्यांकडे आहे. मतपत्रिकेवरची प्रमुख नावे बहुधा तेथेच ठरतात, ही वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे.

आता छाननीकडे वळू. अर्ज आले, की निवडणूक निर्णय अधिकारी ते एकेक करून तपासतो. त्या वेळी उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि उमेदवाराने लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती हजर राहू शकते. हरकती घेतल्या जातात, उत्तरे दिली जातात. उत्तरासाठी वेळ मागितल्यास एक-दोन दिवसांची मुदत मिळते. त्याहून अधिक नाही. साक्षीपुरावे घेत बसण्यास तेथे अवसर नसतो. आणि तरीही संपूर्ण निवडणुकीत सर्वांत मोठा अधिकार याच दिवशी, याच मेजावर वापरला जातो. तो कसा, हे जुन्या काळातील एका प्रकरणाने स्पष्ट होईल.

१९५१ च्या नोव्हेंबरात मद्रास राज्यातल्या नामक्कल मतदारसंघात एन. पी. पोन्नुस्वामी यांचा अर्ज नाकारण्यात आला. ते उच्च न्यायालयात गेले, तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. आपला अर्ज चुकीने नाकारला आहे, निवडणूक होण्यापूर्वीच ही चूक सुधारावी, एवढीच त्यांची मागणी होती. जानेवारी १९५२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदानुसार चालू निवडणुकीत न्यायालयाला अशा रीतीने हात घालता येत नाही. निवडणूक पार पडावी आणि मग तक्रार असल्यास निवडणूक याचिका करावी. या नियमामागचे कारण समजण्याजोगे आहे. प्रत्येक नाकारलेल्या अर्जासाठी निवडणूक थांबवावयाची झाली, तर ती कधी पुरीच होणार नाही. परंतु याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. छाननीच्या मेजावर ज्याला चुकून ‘नाही’ म्हटले गेले, त्याला मतदानापूर्वी दाद मागण्याची वाट बहुधा उरत नाही. त्याचे नाव मतपत्रिकेवर येत नाही. आणि ज्यांना त्यालाच मत द्यावयाचे होते, त्यांना तशी संधी मिळत नाही.

चुकून ‘हो’ म्हटले गेले तर काय होते, याचे उदाहरण शहपुऱ्याहून फार दूरचे नाही. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर लखनादौन लागते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हा दोन प्रतिनिधींचा मतदारसंघ होता आणि त्यातली एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. दुर्गाशंकर मेहता व वसंतराव हे दोघे निवडून आले. पराभूत उमेदवार ठाकूर रघुराजसिंग यांनी तक्रार केली, की वसंतरावांना २५ वर्षे पूर्ण झालेली नव्हती. निवडणूक न्यायाधिकरणाने दोघांचीही निवडणूक रद्द केली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र निराळा निर्णय दिला. वयाचा दोष अर्जावर दिसत नव्हता, छाननीत कोणी हरकत घेतली नव्हती. तेव्हा अधिकाऱ्याने अर्ज स्वीकारला यात गैर काही झाले नाही. ज्याला पात्रताच नव्हती त्याची निवड रद्द झाली आणि दुसऱ्याची कायम राहिली.

या दोन प्रकरणांच्या मागे कायद्याचा जो विचार आहे, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. एखादा अर्ज अयोग्य रीतीने नाकारला गेला हे पुढे सिद्ध झाले, तर तेवढ्यानेच निवडणूक रद्द होते. निकालावर परिणाम झाला की नाही, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. अर्ज अयोग्य रीतीने स्वीकारला गेला असेल, तर मात्र विजयी उमेदवाराच्या निकालावर त्याचा खरोखर परिणाम झाला, हे दाखवावे लागते. दार चुकीने उघडणे आणि दार चुकीने लावणे हे दोन्ही दोषच. पण कायद्याच्या दृष्टीने दुसरा दोष अधिक गंभीर आहे. म्हणूनच ठळक स्वरूपाची नसलेली उणीव दाखवून अर्ज नाकारू नये, असे अधिनियमाचे ३६ वे कलम बजावते. आणि रास्त शंका असेल तेथे तिचा फायदा उमेदवाराला द्यावा, असे निवडणूक आयोगाची अधिकाऱ्यांसाठीची पुस्तिका सांगते. नावातली एखादी वेलांटी चुकली किंवा यादीचा क्रमांक लिहिताना अंक उलटसुलट झाला, तर तो दोष दुरुस्त करून घ्यावा किंवा त्याकडे दुर्लक्ष करावे, अशी कायद्याची वृत्ती आहे.

नंतर मिळणारा न्याय किती उशिरा मिळतो, हेही पाहण्यासारखे आहे. निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका करता येते. महाराष्ट्रातल्या अंबरनाथ मतदारसंघात २००४ साली झालेल्या निवडणुकीबाबत, शपथपत्रात मालमत्तेची व देण्यांची पूर्ण माहिती दिली नाही, अशी तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ती निवडणूक रद्द केली आणि किसन शंकर कथोरे विरुद्ध अरुण दत्तात्रेय सावंत या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, तो २०१४ साली. जी विधानसभा २००४ मध्ये निवडली गेली होती, तिची मुदत तोवर केव्हाच संपली होती. तत्त्व प्रस्थापित झाले, ते मोलाचेही आहे. पण गेलेली पाच वर्षे कोणाला परत मिळत नाहीत.

छाननी झाली, माघारीची मुदत संपली, की यादी तयार होते. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी झालेल्या इतर पक्षांचे, शेवटी अपक्ष. आणि प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे. अपक्षाला मोकळ्या चिन्हांतून पसंती सांगावी लागते. एकाच चिन्हावर अनेकांचा डोळा असेल, तर सामान्यतः चिठ्ठ्या टाकल्या जातात. २०१३ पासून यादीच्या शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला, आणि तो प्रथम वापरणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश होते. २०१५ पासून नावाशेजारी उमेदवाराचे छायाचित्रही येऊ लागले. सारख्या नावांमुळे होणारा घोटाळा त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

आणि यादीत एकच नाव उरले तर? मग मतदानच होत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात असे घडले. निवडणूक लोकसभेची होती, पण नामनिर्देशनाचा कायदा तोच. एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराच्या सूचकांनी, अर्जावरच्या सह्या आपल्या नाहीत, असे सांगितले. अर्ज नाकारला गेला. बाकीच्यांनी माघार घेतली आणि उरलेला एक उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे घोषित झाले. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्या वर्षी त्या मतदारसंघातल्या कोणाच्याही बोटाला लोकसभेसाठी शाई लागली नाही. सूचकाच्या सहीचे वजन किती असते, हे यावरून ताडता येईल.

सूचक घरचाच हवा, या नियमातला अर्थ येथे स्पष्ट होतो. उमेदवार कोठलाही असो, ज्या भूमीचे प्रतिनिधित्व त्याला करावयाचे आहे तेथल्या निदान काही माणसांनी ‘हा मनुष्य आमच्यापुढे यावा’ असे नाव, क्रमांक व सही देऊन सांगितले पाहिजे, ही कायद्याची अपेक्षा आहे. मतदान गुप्त असते. सूचकाची सही उघड असते. मताला उत्तरदायित्व नसते, सहीला असते. सामान्य मतदाराला निवडणुकीच्या या पहिल्या टप्प्यात प्रत्यक्ष भाग घेता येतो तो याच एका मार्गाने, आणि नेमका तोच मार्ग आपण सर्वांत कमी मोलाचा समजतो. कोणीतरी घाईघाईने कागद पुढे करतो, कोणीतरी न वाचता सही करून मोकळा होतो.

तेव्हा मतदानाच्या दिवसाची वाट पाहत बसण्यापेक्षा, अधिसूचना निघते त्या दिवसापासूनच निवडणुकीकडे लक्ष देणे श्रेयस्कर. अर्ज कोणी भरले ते पाहावे. जाहीर केलेली शपथपत्रे वाचावीत. कोणाचा अर्ज नाकारला आणि कोणत्या कारणाने, ते विचारावे; ते कारण लेखी नोंदविणे अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. सूचक म्हणून सही करावयाची असेल, तर माणूस पारखून करावी, आणि एकदा केली की तिच्या मागे उभे राहावे. अधिकाऱ्याने आपल्या मेजावर आलेला प्रत्येक कागद हा कोणाच्या तरी निवडीचा संभव आहे, असे समजून तो हाताळावा. बरगीसारख्या मतदारसंघात एखाद्या अपक्षाला किती मते पडतील, हा त्याच्या नशिबाचा व कर्तृत्वाचा भाग झाला. ती मागण्यासाठी त्याला लोकांपुढे उभे राहता यावे, एवढे मात्र त्या दहा सह्यांनी आणि छाननीच्या एका दिवसाने त्याच्या पदरात टाकले पाहिजे.